कोऱ्या पट्टीच्या मागे सुरतेला

लोक सुरतेला साड्या आणायला जातात, निदान घारी आणि खमण खायला तरी जातात. मी गेले ती एका शेतकऱ्याची सही आणायला. सही मिळाली. घारी मात्र राहून गेली.

मी धुळ्याजवळच्या सरकारी कोरडवाहू संशोधन केंद्रात संशोधन साहाय्यक आहे. मूळची साताऱ्याकडची, पण नोकरीची सगळी वर्षं खानदेशात गेली, त्यामुळे अहिराणी कळते आणि बोलायला गेले की लोक हसतात. स्वभाव मोजमापाचा. पिशवीत टेप, पेन्सिल आणि नोंदवही नसली तर घरातून निघाल्यासारखं वाटत नाही. माझ्या नोंदवहीत खाडाखोड सापडत नाही, याचा मला फार दिमाख होता. त्या दिमाखाचं काय झालं, ते या प्रवासात आलंच आहे.

## निघताना

काही वर्षांपूर्वी सरकारनं आमच्या केंद्राला कमी खर्चाच्या शेतीचा एक प्रयोग दिला होता. बाहेरचं विकतचं काही घालायचं नाही. पावसाळ्यात ताग पेरायचा, तो जमिनीत गाडायचा, कुजलेलं शेणखत द्यायचं, धसकटं जाळायची नाहीत, आणि मग त्यावर दादर ज्वारी घ्यायची. तीन वर्षं हे शेतकऱ्याच्या वावरात करून दाखवायचं. निकाल चांगला आला तर त्याच गावात सरकार शेतकरी शाळा काढणार आणि ज्याच्या वावरात प्रयोग झाला तोच तिथे शिकवणार. पगारी साहेब शिकवणार नाही, शेतकरी शिकवणार, ही गोष्ट मला फार आवडली होती.

आम्ही निवडला हिलालभाऊंना. वय चाळिशीच्या पुढे, बोलणं कमी, मातीचं ढेकूळ हातात घेतलं की मात्र थांबायचं नाव नाही. त्यांच्या वावराच्या आम्ही दोन पट्ट्या केल्या. एका पट्टीत आमची पद्धत, दुसरीत काहीच नाही. या दुसरीला आम्ही कोरी पट्टी म्हणायचो. कोऱ्या पट्टीपेक्षा पहिलीत ज्वारी जितकी जास्त, तितका पद्धतीचा गुण, असा साधा हिशेब.

पहिल्या वर्षी फरक थोडाच दिसला. दुसऱ्या वर्षी त्याहूनही कमी. तिसऱ्या वर्षी मी दोन्हीकडची कणसं तोलली आणि तराजूच बिघडला असावा म्हणून दुसरा मागवला. दोन्ही पट्ट्या सारख्या. वरच्या समितीनं शेरा मारला की पद्धतीचा परिणाम दिसून येत नाही. प्रयोग बंद, शाळा बंद. शेवटचा अहवाल माझ्याच सुवाच्य अक्षरात गेला.

हिलालभाऊंनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "ताई, मन्ही चूक कोठे व्हयनी?" मी म्हटलं, जमिनीचा गुण असेल. पुढच्या वर्षी त्यांनी वावर चुलतभावाला कसायला दिलं आणि बायको मथुराबाईंना घेऊन ते सुरतेला निघून गेले.

आता नवं परिपत्रक आलं होतं. ज्या जुन्या प्रयोगांचे निकाल शंकास्पद आहेत, त्यांची कारणं शोधून पुन्हा प्रस्ताव पाठवा. सोबत शेतकऱ्याचा जबाब आणि सही हवी. मुदत महिनाअखेर. मी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. साहेब म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, दुसरा शेतकरी बघू." पण दुसरा शेतकरी म्हणजे हिलालभाऊंची शाळा दुसऱ्याला. मी रजा टाकली आणि दोंडाईच्याहून सुरतेची पॅसेंजर धरली.

## नवापूरच्या पुढे

नवापूरच्या स्टेशनाचा एक तुकडा महाराष्ट्रात आहे आणि एक गुजरातेत. माझ्या डब्यातल्या एका बाईंनी भाकरी महाराष्ट्रात सोडली आणि गाडी निघेपर्यंत गुजरातेत संपवली. सोनगड गेलं, व्यारा गेलं, आणि बाहेर ऊसच ऊस सुरू झाला. कालव्याचं पाणी, काळी ओली माती, बांधावर आंबे. आमच्याकडे माती बघून शेतकरी आभाळाकडे बघतो. इथे मान वर करायची गरजच दिसत नव्हती. मला उगाचच राग आला. पाणी तर आमच्याच तापीचं, उकाईच्या धरणात अडवलेलं. नदी आमच्याकडे खोल दरडीतून गुपचूप जाते आणि इथे येऊन हात सैल सोडते.

## उधना

उधन्याला उतरले आणि पाच मिनिटांत उजव्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय फरपटत मी स्टेशनाबाहेरच्या चांभाराकडे गेले आणि जमेल तेवढ्या हिंदीत विचारलं, "भैया, ये सिलने को कितना टाइम लगेगा?" त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "बसा ना ताई, आत्ते देस." तो शिरपूरचा निघाला. पुढे पत्ता विचारला तो पानवाला अमळनेरचा. मी दिवसभर हिंदी जुळवत राहिले आणि उधना मला अहिराणीत उत्तरं देत राहिलं.

गल्लीत शिरल्यावर मात्र कुठलीच भाषा ऐकू येईना. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. दोन्ही बाजूंना खाती, आणि प्रत्येक खात्यातून असा खडखडाट की छातीच्या फासळ्यांत तो जाणवतो. दारातून आत पाहिलं तर माणसं हातांच्या खुणांनी बोलत होती. सूत तुटलं की धावून गाठ मारायची, परत दुसऱ्या लूमकडे. केसांवर, भुवयांवर पांढरा तंतू बसलेला.

पत्त्यावरच्या खोलीत हिलालभाऊ नव्हते. शेजारच्या शेवंताबाई दारात भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या तं कोसाडले गयात ना ताई, वरीस व्हयनं. आते उनात तं जेवीसनच जा." मी तिथेच थांबावं असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. परक्या गावात, परक्या बाईच्या खोलीत राहायचं म्हणजे साताऱ्याकडे आधी चार ओळखी निघाव्या लागतात. शेवंताबाईंना माझं आडनावही नको होतं. "आठे बठा आपलाच मानसे शेतस," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडून कळलं की हिलालभाऊ सुरतेला आल्यावर आधी हजीऱ्याला बांधकामावर होते. तिथे खताचा मोठा कारखाना आहे, त्याच्या शेजारच्या भिंतींसाठी त्यांनी विटा वाहिल्या. ज्या माणसानं तीन वर्षं युरियाचं पोतं बांधावर टेकू दिलं नव्हतं, तो. मग उधन्याच्या खात्यात लागले. प्लेगच्या साली निम्मी सुरत गावाकडे पळाली तेव्हाही ही दोघं गेली नाहीत. "मी म्हनं त्यासले, जा ना घर," शेवंताबाई सांगत होत्या, "तं मथुराबाई म्हने, घर गयं तं मन्हा मालक वावरकडे दखतीस नि रडतीस."

शेवंताबाईंची लेक हे सगळं ऐकत होती. आईशी ती गुजरातीतच बोलत होती. मध्येच तिनं मला विचारलं, "मासी, वावर एटले शुं?" आईनं सांगितलं, "खेतर." मला त्या रात्रीचं जेवण फारसं गेलं नाही.

## कोसाड

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरोलीचा पूल ओलांडून कोसाडला गेले. प्लेगनंतर सुरत झाडून काढली होती, रस्ते आमच्या धुळ्याहून स्वच्छ, हे कबूल करायला जड जातं. कोसाडला मात्र शहर अजून नीट पोचलं नव्हतं. एका अंगाला खोल्यांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला उसाचा फड आणि पापडीच्या शेंगांचे मळे. शेवटच्या रांगेत शेवटची खोली त्यांची.

मथुराबाईंनी मला पाहिलं, हातातली कळशी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "ताई उनी! आहो, आपली ताई उनी!" तीन वर्षं मी त्यांच्या हातचा चहा प्यायले होते. चहा घेताना त्यांच्याशी पाऊसपाणी, लेकीचं लग्न, म्हशीचं दूध यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवेना. इथे शेजारणी त्यांना मथुराबेन म्हणत होत्या. लेक लग्न होऊन नंदुरबारकडे गेली होती, घरात दोघंच.

हिलालभाऊ रातपाळी करून आले होते. पार वाळले होते. मी बोलू लागले तसे ते उजवा कान पुढे करू लागले, तेव्हा लक्षात आलं की खडखडाटानं कान गेले आहेत. त्या घरात सगळंच मोठ्यानं बोललं जात होतं. मीही मोठ्यानं नव्या परिपत्रकाचं सांगितलं. प्रयोग पुन्हा होईल. शाळा निघेल. तुम्ही परत या, तुम्हीच शिकवायचं आहे.

त्यांनी बाहीवरचा तंतू उचलून टाकला. मग म्हणाले, "वावरनी मन्हं आयकं नही, ताई. तीन वरीस त्याले सांगं, त्यानी आयकं नही. मी लोकेसले काय शिकाडू?"

मी कारणं शोधू या म्हटलं. ते हसले. त्यांनी दोन वर्षं कारणंच शोधली होती. ताग उशिरा गाडला का, शेणखत कच्चं होतं का, नांगर उथळ गेला का. लूमवर उभं राहून सुताच्या गाठी मारताना डोक्यात हेच, असं ते म्हणाले. मग अंगावरचा तंतू धुवायला दाराबाहेरच्या पिंपाकडे गेले. मला वाटलं, आली तशी परत जाणार मी.

मथुराबाई मला खोलीच्या मागे घेऊन गेल्या. "या, मन्हं वावर दखा." दोन खाटा मावतील एवढी जागा. तीत वांगी, मिरच्या, एक दुधीचा वेल. माती हाताला भुसभुशीत, काळी. भाजीची सालं, चहाचा चोथा, शेजारच्या गोठ्यातलं शेण, सगळं त्या रोज तिथे पुरत होत्या. मी सवयीनं पिशवीतला टेप काढला आणि आम्ही दोघीही हसलो.

कुंपणाच्या काटक्यांपलीकडे कुणाची तरी पडीक जागा होती. तिथल्या रानगवतावरही ताजं शेण दिसलं. मी विचारलं, हेही तुमचंच का?

"नही वं ताई, ते आपलं नही. पन त्याले उपाशी कसाले ठेवानं?" मग माझ्या खांद्याला खांदा लावून, मोठं गुपित सांगावं तशा, पण त्या घराच्या सवयीनं मोठ्यानंच म्हणाल्या, "तुम्हनी त्या कोरी पट्टीले बी मी असंच शेन टाकेल शे. तीन वरीस. रोज पाह्यटे, एक पाटी. धसकट, गवत बी टाकं. एकच मायना पोटना दोन पोरे, एकले जेवाडानं नि एकले नही, आसं कसं करतस ताई?"

मी टेप गुंडाळून पिशवीत ठेवला.

"ह्या म्हनेत, तठे काही टाकू नको," त्या नवऱ्याबद्दल सांगत होत्या. "पन माले वाटनं, दोन्ही पट्ट्या बराबर उन्यात तं सरकार खुश व्हई."

बोलताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला तो अजून दिसतो. आपण एक चांगलं काम केलं, कुणाला न सांगता केलं, आणि आज ते सांगायला योग्य माणूस मिळालं, असा तो आनंद होता.

मी मान वळवली. हिलालभाऊ पिंपाजवळ उभे होते. हातातला तांब्या तसाच तिरका, पाणी पायावर सांडत होतं. त्यांनी ऐकलं होतं. कान गेलेल्या माणसालाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं त्या बोलल्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. तांब्या पिंपावर ठेवला, टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

"बरं कयं तू," ते म्हणाले. आणि टॉवेल खांद्यावर टाकत, "भाकर टाक. ताई जेवीसन जाई."

कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. वांगी त्या दोन खाटांएवढ्या वावरातली. इतकं चवदार भरीत मी खानदेशातही खाल्लं नाही, आणि एकेक घासाला मला हिलालभाऊंच्या वावराचा बांध आठवत होता. दर पंधरवड्याला मी त्या बांधावर उभी राहायचे. दोन पट्ट्यांकडे बघायचे, टेप लावायचे, लिहायचे. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या वावरात ज्वारी निम्म्या उंचीची असायची. मी एकदा, फक्त एकदा मान वळवून तिकडे पाहिलं असतं तर कळलं असतं की आमची कोरी पट्टी कोरी नाही. गांडुळांची माती मी कोऱ्या पट्टीत स्वतः पाहिली होती. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता म्हणून लिहिली नाही.

आणि ती पट्टी उपाशी का ठेवायची, हे त्या घरात रोज पाटी उचलणाऱ्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षणाच्या बैठका ओट्यावर व्हायच्या. पुरुष सतरंजीवर, मी खुर्चीवर, आणि मथुराबाई आत चहा गाळत. सरकारनं पैसे शिक्षणासाठी दिले होते. मी बाई असून मला एकदाही वाटलं नाही, की हिला बाहेर बोलवावं.

## पोंक

हिलालभाऊ मला रिक्षापर्यंत सोडायला आले. अमरोलीच्या पुलाजवळ पोंकच्या टपऱ्या होत्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण किती वेगळा. आपल्याकडे हुरडा वावरातच खायचा, आगटीभोवती बसून, हात काळे करून. इथे तो सोललेला, साफ केलेला, हिरवागार ढीग करून तोलून मिळतो, वर लिंबू-मिऱ्याची शेव. त्यांनी मला आग्रहानं खाऊ घातला. स्वतः एकच दाणा चिमटीत धरून दाबला, त्याचं दूध पाहिलं आणि म्हणाले, "पानीनी शे. आपली दादर नही."

आम्ही बाकावर बसलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, म्हंजे पद्धत खरी व्हती?"

"खरी होती. दोन्ही पट्ट्यांत खरी होती."

"मंग मी वावरवर उगाच राग धरा," असं म्हणून ते रडले. बाजूला लोक पोंक खात होते. मी पिशवीतला रुमाल दिला, तो त्यांनी घेतला नाही, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

मी जबाबाचा कागद काढला. त्यात घोडं पेंड खात होतं ते असं. निकाल चुकण्याचं कारण लिहायला दोन रकाने होते. एक, सहभागी शेतकऱ्यानं सूचना मोडल्या. तसं असेल तर त्या शेतकऱ्याला पुन्हा प्रयोगात किंवा शाळेत घेता येणार नाही. दोन, घरातल्या अन्य व्यक्तीकडून अजाणता चूक झाली. तसं असेल तर शेतकऱ्यावर ठपका नाही, पण त्या व्यक्तीला सगळं वाचून दाखवून तिचा अंगठा घ्यायचा. मी हिलालभाऊंना नीट समजावलं. दुसरा रकाना भरू. मी परत येते तुमच्या घरी, मथुराबाईंना सांगते, अंगठा घेते. जूनपर्यंत तुम्ही गावात असाल. शाळा तुमची.

ते पुलाखालच्या तापीकडे बघत राहिले. पाणी आमच्याकडूनच आलेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिले नका सांगज्यात."

"भाऊ, शाळा जाईल तुमची."

"आपन आठे कसाले उनूत ते तिले कळी जाई. मंग ती जेवाव नही, ताई. मी वळखस तिले." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. "तिन्हं नाव नका लिखज्यात. मन्हं लिखा. मीच शेन टाकं, आसं लिखा."

"हे खोटं आहे."

"हो," ते म्हणाले. "पन शाळा तं निंघी ना? कोठे बी निंघो."

माझ्या नोंदवहीत कधी खोटा आकडा गेला नाही. त्या बाकावर, पोंकच्या टपरीसमोर, मी पेन त्यांच्याकडून परत घेतलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, की सहभागी शेतकऱ्यानं सूचना न पाळता कोऱ्या पट्टीत शेणखत टाकलं. अक्षर सुवाच्य आलं. खाली त्यांनी सही केली. मी रिक्षात बसले तेव्हा त्यांनी उरलेला पोंक कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकला.

परतीच्या गाडीत मी तो उघडला नाही. घरी पोचेपर्यंत आंबला होता. कुंडीत टाकला.

## परत आल्यावर

प्रस्ताव मंजूर झाला. समितीनं कारण समाधानकारक मानलं. साक्रीकडच्या एका गावात, या वेळी निकालाची वाट न बघता, प्रयोग आणि शाळा दोन्ही एकदमच सुरू झाली, शिकवणारा शेतकरी तरुण आहे, चांगला आहे. हिलालभाऊंचं नाव फायलीत सूचना मोडणारा शेतकरी म्हणून आहे आणि राहील.

शाळेच्या पहिल्याच दिवशी मी हटून बसले की बायका पुढे बसतील आणि पुरुष मागे. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी बायकांना आधी एकच गोष्ट सांगितली. ही पट्टी आपण उपाशी का ठेवणार आहोत, आणि तिला कुणी मायेनं घास घातला तर काय होतं. नाव घेतलं नाही. एका बाईनं विचारलं, "मंग त्या पट्टीनं पाप कोनले?" मी म्हटलं, मला. सगळ्या हसल्या.

त्यांनी ऐकलं. एकीनंही पाटी टाकली नाही. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत आमच्या पट्टीतली दादर माझ्या डोक्यावरून गेली आणि कोरी पट्टी कमरेशी अडकली. पानं पिवळी, कणसं मुठीत मावणारी. हा फरक बघायला लांबून माणसं येतात. मी तो मोजते, लिहिते. हल्ली त्या पट्टीत फार वेळ उभं राहवत नाही.

मी हिलालभाऊंना कार्ड टाकलं. पद्धत खरी आहे, डोळ्यांना दिसते आहे, एवढंच लिहिलं. या वेळी उत्तर आलं. पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात. मथुरा बरी आहे. वांगी पुष्कळ आली. शाळेत किती माणसं येतात ते कळवा. आणि शेवटी, मथुरा विचारते की नव्या वावरातल्या कोऱ्या पट्टीला ताई कधीमधी पाटीभर शेण टाकते ना?

प्रयोगाचं अजून एक वर्ष बाकी आहे. तीन वर्षं जे मथुराबाईंना सांगायला हवं होतं, ते आता मला कधीच सांगता येणार नाही. त्यांनी उत्तरासाठी जोडकार्ड पाठवलं होतं, त्याचा कोरा भाग मी फाडला आणि त्यावर लिहिलं, "मथुराबाईंना सांगा, टाकते. रोज पहाटे, एक पाटी."